मांडीवरचं लेकरू

मी मूळची हरसूलकडची, डोंगरातली. आमच्या घरात फोटो म्हणाल तर एकच, रेशनकार्डावरचा, त्यात पण आईच्या तोंडावर शिक्का बसलेला. लग्न होऊन नाशकात आले, पंचवटीत, तर यांचा फोटो स्टुडिओ. मी आपली मागं भाकऱ्या थापायची, पुढं काय चालतं ते मला काय ठाव नाय. मंग साखरेच्या दुखण्यानं यांची नजर गेली अन् कॉम्प्युटर माझ्या हातात आला. सहावी शिकलेली बाई मी, माऊस कसा धरायचा ते पण ठाव नव्हतं. हे शेजारी खुर्चीत बसून सांगायचे, आता हे दाब, आता ते दाब, दिसायचं काय नाय पण सगळं पाठ. असं शिकले.

आता मी जुने फोटो नीट करते. घडी पडलेले, बुरशी लागलेले, उंदरानं कुरतडलेले. स्कॅन करायचे, डाग काढायचे, मंग रंग भरायचा. लोक म्हणतात, हल्ली मोबाईलवर एक बटण दाबलं की होतं. होतं ना, पण ते बटण कुणाचंही लुगडं निळं करून टाकतं, पुसट तोंड असलं तर तिथं भलतंच तोंड बसवतं. माझा नाय त्याच्यावर विश्वास. अन् काय सांगू तुम्हाला, माणसांवर पण नाय राहिला. कुणी म्हणतं यातून भावाला काढा, कुणी मेलेल्या बापाच्या खांद्यावर आपला हात ठेवून मागतं. कशाला पाहिजे, ते कुणी सांगत नाय.

तर विंचूरचे एक भाऊ आले. पंचावन्नच्या पुढचे, कपडे इस्त्रीचे. फोटोत त्यांचे वडील, आई, अन् आईच्या बाजूला आणखी एक बाई, तिच्या मांडीवर वरीसभराचं लेकरू. म्हणले, ताई, नवीन घरात मोठा करून लावायचाय, रंगीत करा, अन् ही बाई काढून टाका. म्हटलं, कोण ही? म्हणले, शेजारीण. अन् लेकरू? तर म्हणले तो मी, मला उचलून आईच्या मांडीवर बसवा. बोलताना फोटोकडं बघेनात, रस्त्याकडं बघत होते.

मी फोटो मोठा करून डाग काढायला बसले. मोठा केला की सगळं दिसतं हो. दोघी बायांच्या गळ्यात सारखीच पोत, लुगड्याचे काठ सारखे, जोडीनं घेतल्यासारखे. अन् वडलांचा हात त्या शेजारणीच्या पाठीमागं. मी यांना म्हटलं, ही त्या भाऊंच्या आईची सवत हाय. जमिनीवरून हिचं नाव उडवायचंय त्यांना, अन् पुरावा माझ्या हातून पुसून घेतात. हे म्हणले, तू लगेच कोर्टात नको जाऊ, आधी विचार. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं का त्या माणसानं? मी फोन केला अन् म्हटलं, भाऊ, लुगड्यांचे रंग कळल्याबिगर मी काम करत नाय, आईला घेऊन या. ते म्हणले, कुठलाही टाका. मी म्हटलं, नाय टाकणार.

चार दिवसांनी आणलं म्हातारीला. ऐंशीला टेकलेली, पण नजर तीक्ष्ण. भाऊंना फोन आला तसे ते बाहेर गेले. मी पडद्यावर बोट ठेवलं अन् विचारलं, आजी, ही कोण? म्हातारीनं दाराकडं बघितलं, आवाज खाली घेतला. म्हणली, पोरी, हिला काढायला मीच सांगितलंय. तो हिच्या पोटचा हाय. मला मूल नव्हतं म्हणून मीच मालकांना हिला करून आणली, अन् तो दीड वर्षाचा असताना ही गेली. मी वाढवला. त्याला ठाव नाय. आता एवढा मोठा फोटो भिंतीवर लावला की कुणीतरी पावणा विचारणार.

मी विचारलं, कशानं गेली? म्हणली, तापानं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं नजर नाय वळवली. मंग तिनंच सांगितलं, हिचं लुगडं जांभळं होतं, हिरव्या काठाचं, माझं पण तसलंच, मीच दोन आणली होती येवल्याहून.

मी केलं काम. बाई काढली, तिच्या जागी भिंत ओढली, लेकरू उचलून म्हातारीच्या मांडीवर बसवलं. अख्खा दिवस लागला, हात धजत नव्हता. पण त्याच्या आधी सगळे जसे होते तसा पण एक रंगवून ठेवला. कशाला ठेवला, मला पण सांगता येणार नाय.

भाऊ एकटेच आले न्यायला. मोठा फोटो बघितला, छान झाला म्हणले, अन् उठेनात. मंग म्हणले, ताई, काढायच्या आधीचा हाय का? मी विचारलं, कशाला? तर म्हणले, मला बारावीत असतानाच चुलत्यानं सांगितलं होतं. आईला कळलं की मला ठाव हाय, तर तिला वाटेल पोरगा परका झाला. ती म्हणली काढ, म्हणून मी पण म्हणलो काढतो.

मी पडद्यावर तो दुसरा लावला. ते खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले. तिच्या लुगड्यावर बोट ठेवून म्हणले, जांभळं होतं का? म्हटलं, हो, आईनं सांगितलं. म्हणले, मला एवढं पण ठाव नव्हतं, कुणाला विचारणार? अन् तो माणूस रडला हो, आवाज न करता. यांना दिसत नाय, पण यांनी हात पुढं करून त्याचा खांदा धरला.

पाकिटात मावेल एवढा छापून दिला मी. मी त्यांना चोर समजले होते, त्याबद्दल मनातल्या मनात त्यांच्या पाया पडून घेतलं. संशय गेला म्हणाल तर तो नाय गेला. अजून प्रत्येक फोटो मोठा करून बघते, अन् ती काढलेली बाई खरंच तापानं गेली का, हे कधीकधी भाजी निवडताना मनात येतं. पण म्हातारीला विचारायला मी कोण? मायलेक एका घरात राहतात, दोघांना खरं ठाव हाय अन् दोघं एकमेकांना जपतात. राहू द्या. सुखात राहोत.