बोटभर कड

मंडळी, आधी मला एक सांगा — आरसा कशाला असतो? तोंड बघायला? बरोबर! आणि गाडीचा आरसा? त्यात आपलं तोंड दिसतच नाही, दिसतो मागून येणारा. मग त्या मागून येणाऱ्याकडं बघायचं कुठल्या नजरेनं? बुवा, मृदंग जरा थांबवा. ह्याचं उत्तर आधी देऊ.

खिंडीपलीकडच्या गावात निवास नावाचा गडी होता. जीप चालवायचा. गावातून माणसं भरायची आणि तालुक्याला सोडायची, आपण वडाप म्हणतो तसली. हात चांगला! बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आणि मग त्याच गावच्या कृष्णातनं नवी जीप आणली. झालं! निवासच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबेल असं ते दुखणं नव्हतं, मंडळी.

कृष्णात काय वाईट होता? मुळीच नाही. दुसऱ्याचा नंबर असताना त्यानं कधी माणूस भरला नाही. पण बायामाणसं त्याच्याच जीपची वाट बघत बसायची. निवासची बायको इंदुबाई एकदा माहेराहून त्या जीपनं आली, आणि वाढता वाढता सहज म्हणाली, "कृष्णातभावजींची गाडी म्हणजे पोटातलं पाणी हलत नाही." बाई बोलली आणि पुढची भाकरी टाकायला वळली. इकडं ह्यानं हातातला घास परत ताटात ठेवला! स्वतःच्या बायकोनं म्हणावं? स्वतःच्या चुलीपुढं? त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली.

मग त्यानं काय केलं? उजवा आरसा धरला आणि बाहेर वळवला. का? तर स्टँडवर मागं उजव्या अंगाला उभी असलेली नवी जीप त्यात पूर्ण मावावी! कोण चढतंय, कोण हसतंय, सगळं टिपायचं. आणि आतला आरसा? त्यावर दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळून पार काथ्या झालेला. देवाला हार घाला, मी नको म्हणत नाही. पण देवानं दिलेल्या डोळ्यावर कशाला?

असं चाललं असताना एका सोमवारी निवासच्या वडिलांना, आबांना, डोळे दाखवायला तालुक्याला जायचं होतं. नंबर निवासचा. पण गावात लग्नाचं वऱ्हाड होतं आणि त्यांनी कृष्णातची जीप आधीच सांगून ठेवलेली. सगळी माणसं तिकडं चढली. ह्याच्या गाडीत कोण? एकटे आबा! निवास म्हणाला, पुढं बसा. आबा म्हणाले, "नको. पुढची जागा गिऱ्हाईकाची." अहो, गाडीत गिऱ्हाईक औषधालासुद्धा नव्हतं! पण बारा वर्षांची सवय. म्हातारा आपला शेवटच्या बाकावर, मागच्या दाराशी जाऊन बसला.

त्या दाराची कडी ढिली होती. निवास रोज हातानं दार ओढून बघायचा. आज ओढलं का? नाही. आज डोळे आरशात होते. आरशात वऱ्हाड होतं, वऱ्हाडाच्या मधे हसणारा कृष्णात होता.

खिंडीचा चढ लागला. मागून हॉर्न! निवासनं आरशात बघितलं, नवी जीप आरसाभर. मनात म्हणाला, पुढं जातोस? वऱ्हाडापुढं मिरवतोस? त्यानं गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली. परत हॉर्न. दिव्यांची उघडझाप. ह्यानं आणखी दाबलं. इंजिन असं बोंबलायला लागलं की गाडीतलं दुसरं काही ऐकू येईना.

मग हॉर्न एकदम बंद झाला. आरशातली जीप मागं राहिली, लहान झाली, थांबली. आणि निवास हसला! कितीतरी महिन्यांनी मनापासून हसला. तेवढ्यात त्याला दिसलं, कृष्णात खाली उतरलाय, वाकलाय, रस्त्यावरून काहीतरी उचलतोय. पांढरं. लांबच लांब. सुटलेला पटका.

तसला पटका त्याच्या गाडीत एकाच डोक्यावर होता, मंडळी.

ब्रेक लागला. आणि महिनोन्महिने मागं बघत राहिलेल्या ह्या माणसाला आता मान मागं वळवायची हिंमत होईना. कसाबसा उतरला. मागचं दार सताड उघडं, बाहेर उजवीकडं लटकतंय. आणि आत आबा — खाली बसलेले, बाकाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, डोकं उघडं. जिवंत! निवासनं त्यांना धरून बाकावर बसवलं.

आबा म्हणाले, "तो किती वेळ हॉर्न वाजवत होता रे. मला बहिऱ्याला ऐकू आला."

कृष्णात पळत आला. पटका आबांच्या हातात दिला. निवासला वाटलं, आता हा चार लोकांत शिव्या घालणार. तो एवढंच म्हणाला, "मी वाजवला की तुम्ही जास्तच पळवत होता, म्हणून थांबलो." मग त्यानं झेंडूचा हार काढून आबांच्या मांडीवर ठेवला, आणि बाहेरचा आरसा धरून आत वळवला. "आरशात आपल्या गाडीची कड बोटभर दिसलीच पाहिजे, निवासभाऊ. दिसत असती, तर उघडलेलं दार तुम्हालाच आधी दिसलं असतं."

त्या ढिल्या कडीच्या गाडीत आबांना परत कसं बसवायचं? कृष्णातनं जीप जवळ आणली, वऱ्हाड सरकलं, जागा झाली. आबा पोराकडं बघत उभे राहिले. आणि निवासनं बापाचा हात धरला, त्यांना त्या नव्या जीपपाशी नेलं आणि म्हणाला, "बसा आबा. ह्याच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही."

तुम्ही काय हसता? शेजाऱ्याची माडी तुमच्या आरशात नाही? जावेची साडी नाही? आणि मी तरी कोण मोठा! पलीकडच्या आळीत दुसऱ्या बुवांचं कीर्तन असलं की माझे डोळे तुमच्यावर नसतात, तिकडच्या मांडवावर असतात. दिसू द्या हो दुसऱ्याची गाडी, दिसायलाच पाहिजे. पण कडेला बोटभर आपण. आपलं एखादं दार उघडं आहे का, कुणाचा पटका उडतोय का, ते तिथंच दिसतं.

देवापुढं आज एवढंच मागू, बोटभर कड. आणि गाड्या घेऊन आलात ते, निघायच्या आधी दार हातानं ओढून बघा.