सोळावा ढीग

“मुक्या बाईले गाय बी लाथाडते, पोरी,” असं चतुराबाईची आजी म्हणायची. कापसाच्या वाटणीला रांगेत उभं राहिलं की तिला ते हटकून आठवे. वेचलेल्या कापसाचे पाटलीनबाई सोळा ढीग पाडायची; पंधरा तिचे, एक वेचणारीचा. पुढं दोघी कुजबुजत होत्या.

“पाह्य प्रयागे, पाटलीनबाई सोताचे पंधरा ढीग पायानं दाबून राह्यली.”

“अन् आपला फुगवते, लग्नातल्या पुरीवानी! आज मी बोलतोच, कमले!”

“परवाही बोलणार होती तू.”

“परवा घसा बसला होता, बाई.”

प्रयागबाईची पाळी आली.

“पुरला ना ढीग, प्रयागे?”

“लय झाला, पाटलीनबाई! देव तुमचं भलं करो!”

कमलीबाईनंही पाटलीनबाईचं भलंच चिंतलं. मग चतुराबाई पुढं झाली.

“ढीग तुमीच पाडा, पाटलीनबाई. पण त्यातला माहा कोणता, ते मी ठरवतो.”