फासायला न्हाई, खायला

आधी खा, मंग लिवा. केकाचा तुकडा हातात धरून बसू नका, त्यो काय शोभेचा न्हाई. तर मी मूळची नरसीची, नरसी नामदेवला दर्शनाला माणसं येतात ना, तिथं रस्त्याला मपल्या बापाचं पेढ्याचं दुकान होतं, पत्र्याचं, आन् बाप असा खवट माणूस की गिऱ्हाईकानं अर्धा पेढा टाकला तर हाक मारून परत बोलवायचा, म्हणायचा उचल, फुंकर मार, खा, न्हाई तर पुन्हा मपल्या दुकानाची पायरी चढू नको. लोकं शिव्या देत जायची आन् तरी यायची, कारण पेढाच तसा होता. मपला स्वभाव तिथून आला, मला दोष देऊ नका.

लग्न होऊन कुरुंद्याला आले. इथं सगळी हळद. शिजवा, वाळवा, हाताला लागली की निघता निघत न्हाई. केक शिकवला मपल्या पोरीनं, सुनंदानं, ती कॉलेजात होती तवा. फोनवर बघून म्हणली आई, आपण कुकरात केक करू. मी म्हणलं कुकरात वरण करतात गं. पण केला. तळाला जाड मीठ पसरायचं, शिट्टी काढायची, रिंग काढायची, आत डबा ठेवायचा आन् शेवटाला काडी खुपसून बघायचं कोरडी येती का. अंडं न्हाई, दही, दूध, खायचा सोडा, आन् वेलदोडा-जायफळ मपल्या बापाच्या हिशेबानं. खोटं काहून बोलू, तो वास सुटला ना की मला दुसरं काय सुचत न्हाई. भाकरी थापते ते काम हाय, पण केक फुगून वर येतो ते बघायला मी मधीच झाकण उघडते, पोरगी बोंबलायची आई उघडू नको, बसंल त्यो, तरी उघडते. तेवढंच सुख हाय, ते कुणी हिसकू नये.

मंग गावातून वाढदिवसाला लोकं सांगायला लागली. एकजण म्हणली, काय गं, केक पिवळा दिसून राहिला, हळदीचे हात लावले का? मी म्हणलं व्हय, रंग उजळंल तुझा, खा गुमान.

पण ह्या मेल्यांना खायचंच नसतं! चौकात एका पोराचा वाढदिवस, मपला केक मोटारसायकलच्या सीटवर ठेवला, आन् सुरी लागली न लागली की मुठी भरभरून एकमेकाच्या तोंडाला, केसाला, कानात. एकाच्या पोटात घास गेला न्हाई. मंग हापशावर तोंडं धुतली आन् खाली पडलं ते कुत्र्यांनी चाटलं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, ऐकलं होतं, त्या दिवशी डोळ्यानं बघितलं. मी भर चौकात अशा शिव्या दिल्या की त्या तुमी लिवू नका. तवापासून मपला नेम, केक पाहिजे तर मपल्या ओट्यावर कापायचा, सगळ्यांनी खायचा आन् मंग घराला जायचं. अर्धं गाव तुटलं. म्हणतात बाई खडूस हाय. व्हय, हाय.

गाव गेलं उडत. सुनंदा दिली कळमनुरीला. लेकराचा पहिला वाढदिवस आला, विहीणबाई म्हणल्या वरतून क्रीमची फुलं पाहिजेत, फोटोत दिसली पाहिजेत. मला क्रीम आवडत न्हाई, पण केली फुलं, डबा मांडीवर धरून एसटीनं गेले. कापला केक, आन् काय सांगू तुम्हाला, जावयाच्या धाकट्या भावानं मूठभर क्रीम घेतलं आन् त्या लेकराच्या तोंडावर फासलं. एवढंसं लेकरू! नाकात गेलं, डोळ्यात गेलं, त्याला दम घेता येईना, आन् सगळे फोन धरून हसून राहिले. मी लेकरू हिसकलं, पदरानं नाक मोकळं केलं, आन् त्या टोणग्याच्या कानफटात दिली, सगळ्या पाव्हण्यांदेखत. विहीणबाई म्हणल्या आमच्या दारात येऊन आमच्या पोरावर हात टाकता, माफी मागा. मी म्हणलं आधी तुमी ह्या लेकराची मागा.

झालं. विहीणबाईंचा हुकूम, मी माफी मागत न्हाई तवर सुनंदा माहेराला येणार न्हाई आन् मी तिथं पाय ठेवायचा न्हाई. पंचमी गेली, दिवाळी गेली. पोरगी चोरून फोन करते, आई, एक शब्द बोल की, तुझं काय जातं. आमचे मालकही तेच म्हणतात. काहून बोलू? नातू चालायला लागला म्हणतात, मी बघितला न्हाई. रडते मी, खोटं काहून सांगू. पण माफी न्हाई.

आता दुसरा वाढदिवस आला तर विहीणबाईचाच फोन. बेकरीचा केक लेकरू थुंकून टाकतं, तुमच्या हातचा पाठवा, तुमी येऊ नका. ऐका! केक चालतो, करणारी चालत न्हाई. मी म्हणलं बराबर. केला. क्रीमचा टिपका न्हाई. जाड रवा, गूळ, तूप, शेंगदाण्याचं कूट, आन् कुकरात लई वेळ ठेवून कडा अशा खरपूस केल्या की दातानं चावावंच लागंल, आन् आतून रवाळ, सुटा. म्हणलं घ्या, फासा आता. मालक घेऊन गेले.

परवा सुनंदाचा फोन आला. दिरानं सवयीपरमानं मूठ भरली, आन् सगळा भुगा खाली, तोंडाला काही चिकटंना, पाव्हणे त्यालाच हसायला लागले. मंग करतील काय, बसून खाल्ला सगळ्यांनी. विहीणबाईनं दोन तुकडे फडक्यात बांधून फळीवर लपवले म्हणं. मी विचारलं, मला बोलावलं का गं? म्हणली न्हाई आई, अजून माफीवरच हायत.

मंग तिनं फोन लेकराच्या तोंडाशी धरला. त्याचं तोंड केकानं भरलेलं, नुसतं कुरुम कुरुम चावून राहिलं होतं. इकडं मपली भाजी करपली तरी मी फोन कानाला लावून बसले. म्हणलं खा रं बाबा, औक्षवंत हो, पोट भरून खा, तुझ्या आजीला माफी मागता येत न्हाई, केक करता येतो.

घ्या की तुमी बी. मालकानं त्याच केकातला तुकडा मपल्यासाठी परत आणला होता, त्यातलाच अर्धा तुमच्या हातात हाय. सांडू नका.