हाताला कळलं पाहिजे

...आणि वर शाळेच्या बाई मलाच म्हणतात, ‘बाबा, तुमचा पाय हलतोय, तो आधी थांबवा!’ आता बोला! परीक्षा पोरीची, फरशीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चालतेय पोरगी, आणि ओरडा कुणाला, तर भिंतीकडेला बसलेल्या बापाला! बरं, बसायला दिलंय काय, तर बालवाडीतली खुर्ची, गुडघे हनुवटीला टेकलेत... त्यात पाय हलतो, तो काय मी हौसेनं हलवतो? तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंगचा मास्तर. शिकणारा बसतो स्टिअरिंगपाशी, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक. तो गांगरला की मी दाबायचा. इतकी वर्षं हेच केलंय. त्यामुळे समोर कुणीही डुगडुगलं की माझा पाय आपोआप फरशी दाबतो. सिनेमा बघताना दाबतो, बायको उकळतं पातेलं उतरवत असली तरी दाबतो. ती म्हणते, ‘अहो, पातेल्याला ब्रेक नसतो!’ मला का माहीत नाही? पण पायाला कोण सांगणार?

तर पोरगी. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण सरळ चालणं तिला मुळात मंजूरच नाही. दाराची चौकट दिसली की खांदा लागलाच पाहिजे, टेबलाचा कोपरा आला की कोपर आपटलंच पाहिजे. चेंडू टाकला तर डोळे गच्च मिटून, दोन्ही हात पसरून उभी राहते, आणि चेंडू पोटाला लागून खाली पडला, गडगडत कपाटाखाली गेला, की मग टाळी वाजवून पकडते! काय पकडते, देव जाणे. पण बोलायला? तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. अक्षरं येतात, आकडे येतात, शेजाऱ्यांच्या भानगडी येतात. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, आपलं काम झालं.

कसलं झालं! शाळेनं बोलावलं. तिथं खेळाच्या बाई. आवाज असा शांत, की तो माझ्याकडे असता तर माझे निम्मे विद्यार्थी कुंपणात घुसले नसते. म्हणाल्या, ‘हुशार आहे हो तुमची मुलगी. पण नुसतं डोक्याला कळून भागत नाही. हाताला कळलं पाहिजे.’ मी म्हटलं, बाई, पहिलीत लिहायचंय, वाचायचंय... चेंडू झेलत झेलत वाचायचंय का? ‘नाही हो. पण चेंडू कुठून येतोय हे डोळ्यानं हाताला वेळेवर सांगायला हवं ना? उद्या पेन्सिल ओळीवर ठेवायची म्हटली तरी त्याच दोघांचं काम आहे. त्यांची गट्टी आधी जमू दे. पट्टीवरून चालणं, चेंडू झेलणं, रेघेवर कात्री चालवणं, स्वतःच्या बुटाची लेस बांधणं. सुट्टीआधी बघू. नाही जमलं, तर राहील आणखी एक वर्ष बालवाडीत. काय बिघडलं?’

काय बिघडलं म्हणे! तिची जिवाभावाची मैत्रीण आहे एक, शेंडीवाली. दोघी डबा खातात तो एकमेकींचा, भांडतात त्या एकमेकींशी, आजारी पडतात त्यासुद्धा बरोबरच. ती शेंडीवाली पहिलीत जाणार हे ठरलेलं. त्या दिवशी जेवताना आमची भिंगरी, कधी नव्हे ती गप्प... आणि मग एकदम, ‘बाबा, शेंडीवाली मोठी होणार आणि मी नाही का?’ ताट सारलं आणि उठलोच!

मग लागलो कामाला. फरशीवर पट्टी चिकटवली, भिंगरीला उभं केलं, आणि मागून तिची कॉलर धरली. बायको म्हणते, ‘अहो, चालायला शिकवताय की चोर धरून नेताय? सोडा तिला!’ सोडतो कसा? पडली तर? ‘पडू दे! पडल्याशिवाय पायाला कळणार कसं?’ घ्या! म्हणजे बाईंची शिकवणी घरातही सुरू! शेवटी चालणं आणि चेंडू बायकोनं स्वतःकडे घेतले. माझ्या सगळ्या मोज्यांचे चेंडू झाले, मी बिनमोज्याचा कामावर. पण खोटं कशाला बोलू, पोरगी डोळे उघडे ठेवायला लागली. कात्रीही जमली, फक्त रेघ जिथं असेल तिथं ती कापायची... माझ्या चट्टेरीपट्टेरी शर्टाचं काय झालं ते विचारू नका.

माझ्याकडे राहिली लेस. आता दिवसभर गाडीत बसून माझी कंबर अशी झालीय, की एकदा वाकलो तर सरळ व्हायला दुसऱ्याला बोलवावं लागतं. मग मी काय युक्ती केली, रोज सकाळी मी खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि भिंगरी समोर बसून माझ्याच बुटाची लेस बांधणार! तिला सराव आणि माझी कंबर शाबूत. अहाहा! एक कान करायचा, दुसरा कान करायचा, गुंफायचे, ओढायचे. आधी आधी अशा निरगाठी बसायच्या की बूट पायातच ठेवून दुपारी पडावं लागायचं. पण लागलं हो वळण! एक दिवस अशी गाठ मारली, की दिवसभरात सुटली नाही. मग काय, वरच्या मजल्यावरचे काका म्हणू नका, पोस्टमन म्हणू नका, जो दारात येईल त्याची लेस सोडून परत बांधून द्यायची. मी बाईंचंच वाक्य लोकांना ऐकवायला लागलो, ‘अहो, डोक्याचं सोडा, हाताला कळलं पाहिजे!’

आणि उजाडला तो दिवस. पट्टीवरून गेली, थोडी डुगडुगली... तिथंच माझा पाय हलला, तिथंच बाई बोलल्या. चेंडू झेलला. रेघ कापली. राहिली लेस. मी सैल होऊन बसलो, म्हटलं, हे तर आपलं खातं! बाई म्हणाल्या, ‘बांध बरं तुझी.’ भिंगरी खाली बसली. बुटाकडे बघितलं. एक कान केला... आणि हात थांबले. बोटं इकडून गेली, तिकडून गेली, कान सुटला. पुन्हा केला, पुन्हा सुटला. जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी. घरी दिवसभर गाठी मारणारी पोरगी! माझा पाय फरशीत घुसायचाच बाकी होता. तेवढ्यात तिला दिसला बाईंचा बूट. उठली, बाईंच्या समोर जाऊन बसली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांची लेस सोडून, बांधून, ओढून मोकळी!

बाईंनी गाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘कुणाच्या बुटावर शिकवलंत?’

‘माझ्या.’

‘समोर बसवून?’

‘हो.’

‘म्हणून तर! समोरून तिला सगळं येतंय, स्वतःच्या पायाशी आलं की सगळं उलटं. बाबा, तुम्ही गाडी काय बॉनेटवर बसून शिकवता?’

दिवसभर दुसऱ्यांच्या शेजारी बसून पोट भरणारा माणूस मी, आणि घरच्या पोरीच्या तेवढा समोर बसलो! लाज वाटली हो मला. पण बाई हसल्या. भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, ‘हाताला कळलंय हिच्या. फक्त बसायची जागा चुकली, आणि ती काही हिची चूक नाही. जाईल पहिलीत. बाबा, आता शेजारी बसा. आणि हात लावायचा नाही!’

गेली पहिलीत. शेंडीवालीच्या शेजारी बसते. मी सुटलो म्हणता? परवा पहिलीच्या बाईंचा निरोप. वर्गातली सगळी पोरं बूट पुढे करून हिच्यासमोर रांगेत! ‘तिला जरा आवरा, बाकीच्यांच्या हाताला कधी कळायचं?’ आवरा म्हणे! आणि रोज सकाळी मी जमिनीवर, भिंगरीच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली. ती स्वतःची लेस बांधतेय, सावकाश, जीभ बाहेर काढून. एक कान... सुटला. पुन्हा. खाली शाळेची बस हॉर्न वाजवतेय, कंबर ठणकतेय, बायको दारातून डोळे वटारतेय, खबरदार हात लावाल तर! नाही लावत. अहो, नाहीच लावत. गाठ बसते, ती उड्या मारत जाते, मी तसाच खाली, उठवायला कोणी येईपर्यंत... बघतो तर काय, पाय फरशीवर घट्ट दाबलेला. तिच्या हाताला कळलं हो सगळं. माझ्या पायाला कधी कळायचं?