लांडगीचं बीळ

मी पळायला जाताना मोबाइल घरी का ठेवतो, हे विचारलंत ना? ऐका मग.

पडेगावच्या पुढं माळावर सकाळी एकटाच पळत होतो. वळणावर समोर लांडगी उभी. मागं बिळाच्या तोंडाशी तीन पिल्लं. मी मागं फिरणार, तेवढ्यात मेंढरं राखणारे एक म्हातारे मामा ओरडले, "पळू नका साहेब! तोंड तिच्याकडंच ठेवा, अन् हळूहळू मागं या."

तसाच मागं आलो. येता येता एक फोटो तेवढा काढला.

मामा म्हणाले, "लेकुरवाळी हाय बिचारी. परवा माझं कोकरू नेलं तिनं. नेऊ द्या, तिचा बी वाटा असतोय. पर गावात कुणाला बोलू नका. लोक बीळ बुजवत्यात."

"नाही बोलणार," म्हणालो.

आणि गावात खरंच कुणाला बोललो नाही. फक्त आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर तो फोटो टाकला, नकाशासकट. म्हटलं, बाकीच्यांनी जरा जपून जावं.

पुढच्या रविवारी गेलो, तर बिळाच्या तोंडात दगड ठासलेले, वर जळक्या काट्या. मामा शेजारी बसलेले.

"मामा, शपथ घेतो, मी गावात कुणाला..."

"फोटो माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर बी आला," मामा म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "साहेब, कोकरू माझं नेलं होतं. तुमचं काय नेलं होतं तिनं?"