सुटायची राहिलेली रिक्षा

मंडळी, जय भीम, नमस्कार.

एवढी माणसं आली आहेत की मागची मंडळी विहाराबाहेर चपलांवर उभी आहेत. आणि बोलायचं मला. जड जातंय. मी उल्हासनगरचा छापखानेवाला. आमच्याकडे मशीन बोलतं, मालक ऐकतो. तेव्हा भाषण होणार नाही. कानावर पडलेलं सांगतो.

साळवे गेले. बुवापाड्यातले आपले रमाकांत साळवे. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि हौसेसाठी मेलेल्या माणसांचं कॉमिक काढायचे, ते मी छापायचो. 'पलीकडची शेअर रिक्षा'. त्यातली बेबीताई जिवंत बाई, पण रिक्षा चालवते पलीकडच्या जगात. रंग बदलणाऱ्या नदीवरून, पेटलेल्या डोंगरातून, हप्ता मागणाऱ्या राक्षसांना चुकवत मेलेल्यांना शेवटच्या गावाला नेते. नियम आपल्या स्टँडवरचाच. मागे तीन, पुढे एक. सीट भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. राक्षस मागे लागला तरी नाही!

मी एकदा विचारलं, "साळवे, तुम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही. मग हे कसलं हो?"

म्हणाले, "शेठ, मेलेले कुठे वाचतात? घरचे वाचतात."

आणि घरचे येऊ लागले. कोण आलं? तुम्हीच आलात. माझ्या काउंटरवर, फोटो घेऊन. "आमच्या बाबांना बसवा." साळवे फोटो बघायच्या आधी विचारायचे, "बसायचे कसे?" एक सूनबाई म्हणाल्या, "सासूबाईंना पुढे बसवा. मागे बसल्या तर तिघींची भांडणं होतील." आमच्या शेजारचे सिंधी कापडवाले म्हणाले, "साईं, पापा को बीच में मत बिठाना, उनको हवा लगती है." पापा कडेला बसले. एक पाय बाहेर.

पण साळवे कुणाच्याही हातून फोटो घेत नव्हते. घरात ज्याचं माणूस गेलं, त्यानेच म्हणायचं, 'आता बसवा'. भावकीने म्हटलेलं चालत नव्हतं.

मोरिवलीच्या पार्वतीमावशी इथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच पुढचं सांगतोय. त्यांचा नितीन सकाळी कंपनीत जातो म्हणून निघाला, तो आला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, वर्षं गेली. मग त्यांचे दीर फोटो घेऊन साळव्यांकडे आले. काका, तुम्हीही समोर आहात, रागावू नका. तुमचा हेतू वाईट नव्हता. तुम्ही म्हणालात, "याला बसवा. वहिनी एकदा बघेल, रडून मोकळी होईल."

साळव्यांनी विचारलं, "आई म्हणाली का?"

"ती कसली म्हणतेय!"

"मग नाही."

तेव्हापासून नवा अंक आला की मावशी काउंटरवर यायच्या. वाचता येत नाही. रिक्षातल्या एकेका तोंडावर बोट ठेवत शेवटपर्यंत जायच्या, पोरगा नाही हे बघायच्या आणि "चांगलं काढलंय" म्हणून घरी जायच्या.

मग साळवे आजारी पडले. शेवटचा अंक पेन्सिलीत तयार होता, शाई फिरवायला त्यांची भाची बसली. शेवटच्या पानावर रिक्षा निघण्याच्या तयारीत, शेवटच्या गावाला. पण एका सीटवरच्या माणसाला तोंडच नव्हतं. मामा विसरले असं तिला वाटलं. काकांनी नितीनचा तोच फोटो मधल्या काळात तिच्याकडे दिलेला होता. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिने नितीनला बसवलं. काढला पण फार सुंदर.

मी प्रूफ घेऊन घरी गेलो. साळव्यांनी उशीवरूनच बोट ठेवलं. "याला उतरवा."

"अहो, मग सीट रिकामी. गाडी सुटणार कशी? लोक इतकी वर्षं वाचतायत, शेवटच्या अंकात गाडी सुटायला नको?"

"नाही सुटणार."

"लोक शिव्या घालतील."

"तुम्ही खा. तुम्हाला सवय आहे."

त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. बोलण्याइतकं त्राण उरलंच नव्हतं.

ते गेले आणि काउंटरवर तुमची रांग लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच. "शेठ, त्या सीटवर साळवे सरांनाच बसवा ना. काय शेवट होईल!" खरं सांगतो, मलाही पटलं. मी धंदेवाला माणूस, अंक कशाने खपेल ते मला कळतं. भाची काढायला तयार होती. साळव्यांच्या पत्नीकडे, शोभावहिनींकडे गेलो. वहिनी भांडी घासत होत्या. म्हटलं, "वहिनी, सगळ्यांची इच्छा आहे. बसवू का त्यांना?"

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले. म्हणाल्या, "भाऊ, मी अजून म्हटलेलं नाही."

चहा घेतला आणि निघालो. तसाच अंक छापला. मागे दोघं, पुढे एक. रिक्षा स्टँडवर उभी, बेबीताई बाहेर डोकं काढून बसलेली. ज्यांना शिव्या द्यायच्या आहेत त्यांनी सभा झाल्यावर मला भेटावं.

काल पार्वतीमावशी आल्या. पहिल्या पानापासून बोट फिरवलं. शेवटच्या पानावर थांबल्या. मग मला विचारलं, "गाडी का नाय सुटली रे?"

म्हटलं, "मावशी, एक सीट बाकी आहे."

मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. तिथं कुनाला घाई हाय?"

मंडळी, माझं एवढंच. आता मोबाईल बंद करा आणि उभे राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, साळव्यांना चालेल. वहिनी बसतील तेव्हा आपण बसू. तोवर कुणी बोलू नका.