आजोबांची चाल

तुम्ही आता हसून राहिले, पण तेव्हा मले तोंड लपवायले जागा नव्हती. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं अन् आम्ही शंकर नगरात भाड्यानं राहत होतो. वर्ध्याहून आई आली. आमची दोन वर्षांची पोट्टी मागे हात बांधून अंगणात फिरत होती, मधूनच जोरात खाकरत होती. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अरे, हे तर तुझे आजोबा! माझे सासरे असेच चालत, असेच खाकरत. शेवटी रक्त आपलंच!"

"आई, आम्ही दोघंही ऑफिसात जातो. ती दिवसभर घरमालकांजवळ असते, त्यांचं पाहून शिकली."

"असं पाहून येते काय कुठं? रक्तातच लागते!"

तेवढ्यात म्हातारे छत्तीसगढी घरमालक बाहेर आले. मागे हात, तीच चाल, अन् मोठ्यानं खाकरले. पोट्टीनं लगेच खाकरून उत्तर दिलं.

मले वाटलं, आता तरी आई मानेल. ती घरमालकांकडे टक लावून पाहत राहिली. मग पदर सावरत तिनं हळूच विचारलं, "भैयाजी, आपकी माताजी कभी वर्धा में रहती थीं क्या?"